गोवराचा माग काढणारा पानुम

स्कॉटलंड आणि आइसलंड ह्यांच्या दरम्यान, उत्तर अटलांटिक महासागरात, फेरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. समुद्रातून सरळ वर उठलेले काळे कडे, त्यांच्या माथ्यावर हिरवीगार कुरणे, कुरणांत चरणारी मेंढरे आणि बाराही महिने दाटून येणारे धुके, असे ह्या बेटांचे रूप आहे. झाड म्हणावे असे तेथे क्वचितच दृष्टीस पडते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या बेटांवर आठ हजारांहूनही कमी माणसे राहत होती. मेंढपाळी, मासेमारी, कड्यांवरील समुद्रपक्ष्यांची शिकार आणि थोडीशी जवाची शेती ह्यांवर त्यांचा निर्वाह चाले. बेटांवर डेन्मार्कच्या राजाची सत्ता होती आणि व्यापारही सरकारच्याच हाती होता. त्यामुळे परक्या गलबतांचे येणेजाणे फारसे नव्हते. बाहेरच्या जगातील सुखसोयी तेथे पोहोचत नसत. पण त्याचबरोबर बाहेरच्या जगातील पुष्कळसे रोगही पोहोचत नसत.

१८४६ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस कोपनहेगनहून एक सुतार फेरो बेटांकडे जाण्यास निघाला. निघण्यापूर्वी थोडेच दिवस तो गोवर आलेल्या काही रुग्णांना भेटून आला होता. प्रवासात त्यास काहीच त्रास झाला नाही. २८ मार्चला तो टोर्सहाव्न ह्या मुख्य गावी उतरला, तेव्हा तो चांगला धडधाकट होता. एप्रिलच्या आरंभी मात्र त्यास ताप भरला आणि अंगावर पुरळ उठले. पुढे सुमारे दोन आठवड्यांनी त्याचे दोन जिवलग मित्र आजारी पडले. त्यांच्यापासून शेजाऱ्यांना, शेजाऱ्यांपासून गावाला आणि गावापासून बेटाबेटांना, असा तो रोग पसरत गेला. बेटांवरील एकंदर ७,७८२ लोकांपैकी सहा हजारांहून अधिक लोकांना सुमारे सहा महिन्यांच्या अवधीत गोवराने गाठले. शंभरावर माणसे दगावली.

गोवर हा सामान्यतः मुलांचा रोग समजला जातो. फेरो बेटांवर मात्र तान्ह्या मुलापासून साठ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सारेच अंथरुणास खिळले. ह्याचे कारण असे की, त्यापूर्वीची गोवराची साथ तेथे १७८१ साली येऊन गेली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे हा रोग त्या बेटांवर फिरकलाच नव्हता. घरातील वडील माणूस आजारी मुलाची शुश्रूषा करतो, हा जगाचा नेहमीचा क्रम. पण येथे बाप, आई आणि लेकरे एकाच वेळी तापाने फणफणत पडलेली. मग चुलीपाशी कोणी बसावे आणि तहानलेल्याला पाणी कोणी द्यावे?

ही वार्ता कोपनहेगनला पोहोचली, तेव्हा सरकारने दोन तरुण डॉक्टरांना फेरो बेटांवर धाडले. त्यांपैकी एकाचे नाव मानिकुस व दुसऱ्याचे पीटर लुडविग पानुम. पानुम त्या वेळी अवघा पंचवीस वर्षांचा होता आणि वैद्यकाची अखेरची परीक्षा उतरून त्यास जेमतेम एक वर्ष झाले होते.

पानुमचा जन्म १९ डिसेंबर १८२० रोजी बाल्टिक समुद्रातील बॉर्नहोम बेटावर, रोन्ने ह्या गावी झाला. त्याचे वडील लष्करात शस्त्रवैद्य होते. त्याचे शिक्षण प्रथम कील येथे व नंतर कोपनहेगनच्या विद्यापीठात झाले. बेटावर जन्मलेल्या ह्या तरुणाला आपल्या आयुष्यातील पहिली मोठी कामगिरी दुसऱ्या बेटांवरच करावयाची होती, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

तो तेथे पोहोचला तेव्हा साथ ऐन भरात होती. गोवरावर रामबाण असे औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते. आजही ह्या रोगाच्या विषाणूला मारणारे खास औषध नाही. रोग्याला धीर द्यावा, त्याच्या खाण्यापिण्याची व्यवस्था लावावी, छातीत कफ साठला तर शक्य ते उपाय करावेत, ह्यापलीकडे डॉक्टरला फारसे काही करण्यासारखे नव्हते. एखादा सामान्य मनुष्य एवढेच करून परत फिरला असता आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. पानुमने मात्र हाती असलेल्या दुसऱ्या एका गोष्टीचे मोल ओळखले. कोपनहेगनसारख्या शहरात एका मनुष्याचा दिवसातून शेकडो लोकांशी संबंध येतो. त्यामुळे त्याला रोग कोणापासून व केव्हा जडला हे ठरविणे जवळजवळ अशक्य असते. फेरो बेटांवर तसे नव्हते. येथील गावे म्हणजे समुद्र आणि डोंगर ह्यांच्या कोंदणात बसलेली दहापंधरा घरांची खेडी. ह्या गावाहून त्या गावास जावयाचे तर उघड्या होडीतून खवळलेल्या प्रवाहांना तोंड द्यावे लागे, नाही तर निसरड्या डोंगरवाटा तुडवाव्या लागत. परका माणूस गावात आला म्हणजे ती सर्वांच्या स्मरणात राहणारी घटना होई. तो कोणत्या दिवशी आला, कोणाच्या घरी उतरला, केव्हा परतला, हे गावातील पोरासोरांनाही ठाऊक असे.

म्हणून पानुम सुमारे पाच महिने त्या बेटांवर गावोगाव हिंडला. रोग्यांना तपासता तपासता तो प्रत्येक घरी तेच दोनतीन प्रश्न विचारी. अंगावर पुरळ कोणत्या दिवशी उठले? त्यापूर्वी कोणत्या दिवशी कोणत्या आजाऱ्याशी गाठ पडली होती? त्या आजाऱ्याच्या अंगावर त्या वेळी पुरळ होते की नव्हते? लोकांना तारखा नेहमीच आठवत असे नाही. परंतु प्रार्थनेचा रविवार, कोणाची अंत्ययात्रा, देवमाशांची शिकार ह्या खुणा त्यांच्या मनात पक्क्या असत. त्या खुणांवरून पानुम तारखा काढी आणि आपल्या वहीत टिपून ठेवी. अशी त्याने पन्नासाहून अधिक खेड्यांची हकीकत जमविली.

ह्या हकीकतींपैकी ट्योर्नुविक गावाची हकीकत फार बोलकी आहे. फेरो बेटांच्या आसपास लहान जातीच्या देवमाशांचे कळप येतात. कळप दिसला की त्या काळी डोंगरावर जाळ पेटवून गावोगाव इशारा देत आणि माणसे होड्या घेऊन धावत. ४ जून रोजी वेस्टमान्ना येथे अशी शिकार झाली. ट्योर्नुविकहून एक होडी तीत सामील झाली होती व त्या होडीत दहा जण होते. शिकारीच्या गर्दीत त्यांचा गोवराच्या रोग्यांशी संबंध आला. दहाही जण धडधाकट स्थितीत घरी परतले व आपापल्या कामास लागले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, म्हणजे १८ जून रोजी, त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. त्याआधी दोनचार दिवस त्यांना कसर वाटू लागली होती, इतकेच. गावातील दुसऱ्या कोणालाही त्या वेळी रोग झाला नाही. त्यानंतर बारा ते सोळा दिवसांनी मात्र उरलेल्या गावातील बहुतेक लोकांच्या अंगावर एकाच सुमारास पुरळ फुटले, आणि जे थोडे त्यातूनही सुटले होते त्यांची पाळी आणखी तेवढ्याच दिवसांनी आली.

अशा एकाच गावावरून पानुमने निष्कर्ष काढला असता तर तो घाईचा ठरला असता. पण गाव बदलले, माणसे बदलली, तरी दिवसांचा हिशेब तोच येत होता. रोग्याशी संबंध आल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत तेरा ते चौदा दिवस जातात. हा काळ म्हणजे रोगाचा परिपाककाल होय. शेतात पेरलेले बी जसे काही दिवस मातीखाली असते व मग अंकुर वर येतो, तसा हा रोग शरीरात आत वाढत असतो आणि त्या काळात मनुष्य वरून अगदी निरोगी दिसतो. कोपनहेगनचा तो सुतार प्रवासात ठणठणीत होता, तो ह्याचमुळे.

दुसरी गोष्टही ह्याच हिशेबातून निघाली. दहा शिकारी ४ जूनलाच रोग घेऊन घरी आले होते. तरी त्यांच्या घरच्यांना तो लगेच जडला नाही. घरच्या माणसांच्या अंगावर पुरळ उठले, त्या दिवसापासून दोन आठवडे मागे मोजले तर शिकाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठण्याच्या दिवसांशीच येऊन पोहोचता येते. म्हणजे पुरळ उठण्याच्या सुमारासच रोगी इतरांना धोक्याचा होतो. अंगाची साल कोंड्यासारखी सुटू लागली म्हणजे गोवर पसरतो, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. ती पानुमच्या टिपणांपुढे टिकली नाही. पुढील संशोधनाने ह्या निष्कर्षात थोडी भर घातली आहे. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते दिसल्यानंतर चार दिवसांपर्यंत गोवर पसरतो, असे आता निश्चित झाले आहे. आधीचे चार दिवस विशेष घातक असतात, कारण त्या वेळी रोगी साध्या सर्दीपडशाने आजारी आहे असेच वाटते.

गोवर ओळखणे ह्याच कारणाने सोपे नसते. आरंभी ताप चढतो, कोरडा खोकला येतो, नाक वाहते, डोळे लाल होऊन पाणावतात आणि उजेड सोसत नाही. गालांच्या आतील बाजूस दाढांसमोर मिठाच्या कणांएवढे पांढुरके ठिपके दिसतात. हे ठिपके पानुमच्या काळी कोणी ध्यानात घेतले नव्हते. न्यूयॉर्कच्या कॉप्लिक नावाच्या डॉक्टरने १८९६ साली त्यांचे वर्णन केले, तेव्हापासून ती गोवराची खरी खूण मानली जाते. ताप आल्यानंतर तीनचार दिवसांनी कानांमागे व कपाळावर तांबूस पुरळ उठते आणि तेथून ते चेहरा, मान, छाती, पोट असे खाली उतरत हातापायांपर्यंत जाते. पुरळ मावळले म्हणजे रोग संपला असे मात्र नव्हे. फुप्फुसांचा दाह, अतिसार, कानाचा व डोळ्यांचा विकार आणि क्वचित मेंदूचा दाह, हे त्याच्या पाठोपाठ येऊ शकतात. गोवराने जे मृत्यू येतात, ते बहुधा अशा पाठीमागून येणाऱ्या विकारांमुळेच. अशक्त व कुपोषित मुलांना त्यांचे भय अधिक, म्हणून गोवर आलेल्या मुलांना आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ जीवनसत्त्वही देतात.

पानुमच्या वहीतील सर्वांत आश्चर्याची नोंद म्हाताऱ्यांविषयीची आहे. १७८१ च्या साथीत सापडलेली काही माणसे १८४६ सालीही हयात होती. पानुमने त्यांचा शोध केला, तेव्हा त्यास असे ९८ वृद्ध आढळले. त्यांच्या घरी मुले, सुना, नातवंडे आजारी होती. दिवसरात्र त्यांच्या सहवासात राहूनही ह्या ९८ जणांपैकी एकालाही गोवर झाला नाही. कोणी म्हणेल की, उतारवयात हा रोग होतच नसेल. पण तेही खरे नव्हते. बालपणी १७८१ च्या साथीतून निसटलेले जे वृद्ध होते, त्यांना ह्या खेपेस रोगाने गाठले. तेव्हा संरक्षण वयाने दिलेले नव्हते. पासष्ट वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या त्या एका आजाराने दिलेले होते. एकदा गोवर होऊन गेलेले शरीर त्याची ओळख जन्मभर विसरत नाही, हे इतक्या स्पष्ट पुराव्यानिशी प्रथमच जगापुढे आले. त्या वृद्धांना तर बालपणीच्या दुखण्याचे स्मरण केवळ वडील मंडळींच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींमुळेच राहिले असेल.

रोगजंतूंचे शास्त्र त्या काळी जन्मास यावयाचे होते. पाश्चर व कॉख ह्यांचे शोध अद्याप दूर होते. साथीचे रोग जमिनीतून निघणाऱ्या दूषित वाफेमुळे किंवा हवेतील बिघाडामुळे उद्भवतात, असे मानणारे डॉक्टर थोडे नव्हते. हवाच बिघडली असेल तर गावाच्या वेशी बंद करून काय उपयोग, असा त्यांचा युक्तिवाद असे. पानुमने ह्या प्रश्नाचा निकाल वादाने केला नाही, तर वस्तुस्थिती पाहून केला. फेरोतील काही खेड्यांनी व घरांनी बाहेरच्या माणसास येऊ दिले नाही आणि आपली माणसे बाहेर जाऊ दिली नाहीत. शेजारच्या खाडीपलीकडे रोगाने थैमान घातले असताना ही ठिकाणे सुरक्षित राहिली. हवा तर दोन्हीकडे एकच होती. साथीतून जे सुमारे दीड हजार लोक बचावले, ते बहुतांशी अशा बंदोबस्तामुळेच. रोग माणसाकडून माणसाकडे जातो, आपोआप उपजत नाही, आणि म्हणून रोग्यास वेळीच वेगळे ठेवणे हाच पसरणे रोखण्याचा खात्रीचा मार्ग होय, असे मत पानुमने निःसंदिग्धपणे मांडले. परिपाककाल किती हे एकदा कळल्यामुळे रोग्याच्या संपर्कात आलेल्या मनुष्यावर कोणत्या दिवसांत विशेष लक्ष ठेवावे, हेही प्रथमच नेमके सांगता येऊ लागले.

कोपनहेगनला परतल्यावर १८४७ साली त्याने आपली निरीक्षणे डेन्मार्कमधील वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध केली. त्या प्रबंधात केवळ गोवराचे वर्णन नाही. बेटांचे हवापाणी, लोकांचे अन्न, त्यांची घरे, त्यांच्या चालीरीती ह्या सर्वांची त्याने बारकाईने नोंद केली आहे. छपरावर गवताची हरळी पसरलेली आणि मधोमध विस्तव पेटवून धुराने भरून जाणारी ती घरे, वाऱ्यावर आंबवून सुकविलेले मांस व मासे, सततचा ओलावा, हे सारे पाहून लोक अल्पायुषी असतील अशी कोणाचीही कल्पना झाली असती. पानुमने चर्चमधील जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फेरोतील लोकांचे आयुर्मान डेन्मार्कच्या लोकांपेक्षा अधिक भरते असे दिसून आले. डोळ्यांना जे दिसते ते आकड्यांनी पडताळून पाहिल्यावाचून स्वीकारावयाचे नाही, ही सवय त्यास इतक्या लहान वयात जडली होती.

ह्यानंतर पानुमचे आयुष्य बहुतांशी अध्यापनात व प्रयोगशाळेत गेले. १८५० साली बांडहोल्म ह्या बंदरात पटकीची साथ उद्भवली, तेव्हा त्यास तेथे पाठविण्यात आले आणि फेरोमध्ये शिकलेला धडा त्याने पटकीलाही लागू केला. पुढे जर्मनीत विर्खो व पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार ह्या थोर शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्याने अभ्यास केला. १८५३ साली तो कील विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे असताना, कुजलेल्या पदार्थांत असलेले एक विष कित्येक तास उकळूनही नाश पावत नाही, असे त्याने प्रयोगाने दाखविले. १८६४ च्या सुमारास तो कोपनहेगनला परत आला आणि शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून अखेरपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्यांत क्रिस्तियान बोर हाही एक होता. अणूच्या रचनेचा शोध लावणारा नील्स बोर हा त्याचाच मुलगा. १८८४ साली कोपनहेगन येथे आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद पानुमकडे आले. त्या परिषदेस पाश्चर, लिस्टर आणि विर्खो उपस्थित होते. पुढल्याच वर्षी, २ मे १८८५ रोजी, हृदयविकाराने त्याचा अंत झाला.

ज्या रोगाचा त्याने तारखांच्या साहाय्याने माग काढला, त्याचा विषाणू प्रत्यक्ष हाती लागण्यास १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेत एंडर्स आणि पीबल्स ह्यांनी तो वेगळा केला व १९६३ साली गोवराची लस तेथे वापरात आली. दुर्बल केलेला विषाणू शरीरात सोडून, आजार न आणता त्याची ओळख शरीरास पटवून देणे, हे ह्या लसीचे तत्त्व आहे. फेरोच्या त्या ९८ वृद्धांना जे दुखणे सोसून मिळाले, ते बालकाला सुईच्या एका टोचणीत मिळू लागले. भारतात ही लस १९८५ सालापासून सार्वत्रिक लसीकरणात देण्यात येऊ लागली. आता ती रुबेला रोगाच्या लसीबरोबर, पहिल्यांदा नऊ ते बारा महिन्यांच्या वयात व दुसऱ्यांदा सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयात टोचतात. लस न घेतलेल्या व पूर्वी गोवर न झालेल्या दहा जणांचा रोग्याशी निकट संबंध आला, तर त्यांपैकी नऊ जणांना तो जडतो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही तेथील हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. म्हणून गोवराचा संशय येताच मुलास शाळेत न पाठविता घरी वेगळे ठेवावयाचे आणि आरोग्यकेंद्रास कळवावयाचे, ही रीत आजही चालू आहे.

कोपनहेगन विद्यापीठाच्या वैद्यकशाखेची जी प्रचंड इमारत आहे, तिला पानुमचे नाव दिलेले आहे. फेरो बेटांवर ट्योर्नुविक हे गाव अजूनही आहे. समुद्राच्या एका लहानशा आखातात, तीन बाजूंनी उभ्या डोंगरांच्या कुशीत ते वसलेले आहे.